सातव्या वर्षी उघडलेले डोळे

लाखांदूर, ९ डिसेंबर

मिथुन,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. काल दारात तू जे बोललास त्यानंतर तो शब्द लिहायला हात वळेना. मनातल्या मनात तुला शिव्या देऊन झाल्या आहेत, तेव्हा आता कामाचं लिहिते.

हैदराबादहून मी तुझ्याशी भांडायला आले नव्हते. आपल्या गावच्या आशा वर्कर रंजूने मला तुझ्या लेकीचा फोटो पाठवला. बाळाचं वजन करायला ती आली होती, तेव्हा फ्लॅश लावून काढलेला. अशा फोटोत लहान मुलांच्या डोळ्यांत लाल चकाकी येते. तुझ्या लेकीच्या दोन्ही बाहुल्या पांढऱ्या आहेत, दुधावर साय धरावी तशा. रंजूवर चिडू नकोस. तिने फोटो पाठवला नसता तर मीच तिच्यावर चिडले असते.

बाळाला जन्मतः मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. तो पहिल्या दीड-दोन महिन्यांत काढावा लागतो. उशीर झाला तर डोळा साफ करता येतो, पण तोवर मेंदू बघायला शिकलेला नसतो आणि पुढे तो नीट शिकत नाही. एवढंच सांगायला मी आले होते. दोन वाक्यांचं काम होतं.

तू ओसरीवरून ओरडलास, "माहं लग्न मोडलं तवा पोट नाही भरलं तुहं? आता लेकराच्या डोळ्यात काय पाहाले आली?" आतून आई म्हणाली, "बाळंतीन आहे घरात, हळू बोल ना." ती बाहेर आली नाही. मी अंगणातल्या शिंगाड्यांच्या ढिगाजवळूनच परत फिरले.

शहापूरच्या त्या सोयरिकीबद्दल एकदाच लिहिते. मुलीच्या वडिलांनी मला बाजूला बोलावून विचारलं होतं, "बाई, तुम्ही शिकलेल्या, खरं सांगा. तुमच्या बाबाच्या डोळ्याचं हे रक्तातून येते का?" मी म्हणाले, येऊ शकतं. त्यांनी सोयरीक मोडली. तू मला म्हणालास की मी तुझी बहीण नाही, आणि तेव्हापासून सहा वर्षं तू माझा फोन ब्लॉक करून ठेवला आहेस. मला आज कुणी तोच प्रश्न विचारला तरी मी तेच उत्तर देईन. माझा स्वभाव वाईट आहे, पण बाप आपल्या लेकीसाठी विचारत असेल तर मला खोटं बोलता येत नाही.

मी इथे बस स्टँडच्या मागे गिरजाबाईंकडे खोली घेऊन राहिले आहे. रंजू रोज या बाजूला येते, तिच्या हाती ही पत्रं पाठवीन. कागद तू फाडलास तरी रिता तुकडे जुळवून वाचेल. बारावी झाली आहे तुझी बायको.

नंदिनी

लाखांदूर, ११ डिसेंबर

मिथुन,

रंजू म्हणाली की तू पत्र फाडलं नाहीस, वाचून खिशात घातलंस. बरं वाटलं. पण तिने दुसरंही सांगितलं आणि ते ऐकून माझा पारा चढला.

तुमच्या घरी म्हणे आता याचं खापर रिताच्या माहेरावर फुटतं आहे. शेजारची चंद्रभागाबाई सांगते की पोरीने पोटुशी असताना ग्रहण पाहिलं. आई म्हणते की आमचा मिथुन तर धडधाकट, तळ्यात जाळं टाकतो तर मासोळी कुठं उसळली ते दुरून सांगतो, त्याच्या लेकराला हे कुठून आलं? आणि तू हे सगळं मुकाट्याने ऐकून घेतोस.

मग ऐक. हे आपल्या बाबांकडून आलं आहे आणि तुझ्यातून गेलं आहे.

बाबांचे डोळे तुला आठवत असतील. तू शाळेत जायला लागलास तेव्हा त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. बुधराम ढिवराला रात्रीच्या मासेमारीने आंधळं केलं असं गाव म्हणायचं. ते ओसरीवर बसून नुसत्या बोटांनी जाळं विणायचे आणि एक फास चुकायचा नाही. मासेमारीने त्यांचे डोळे गेले नाहीत. ते तसेच जन्माला आले होते, फक्त त्यांचं हळूहळू दाट होत गेलं. माझे डोळे तसेच होते. आणि तुझ्याही भिंगात ते असणार, बारीक ठिपक्यांसारखं, कडेला. तुला त्याने काही अडत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. एकाच घरात एकाला कमी, दुसऱ्याला जास्त, असं यात होतं. तुझ्या मुलीला सगळ्यांत जास्त आलं.

मला हे कसं माहीत, असं विचारशील. शहापूरची सोयरीक ठरण्याआधी दिवाळीला मी घरातल्या सगळ्यांच्या रक्ताचे थेंब घेऊन गेले होते. तेव्हा थोरल्या बहिणीला तू प्रेमाने बाई म्हणायचास, बोट पुढे करताना हसला होतास, "बाई, इतक्या शिकून शेवटी सुईच टोचते का?" निकाल आला तोवर तू मला तोडलं होतंस. माझ्याकडे एक आकृती आहे, आपल्या खानदानाची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला हा रोग आहे त्याचं काळं. तुझा चौकोन मी पांढरा ठेवला होता. तो मला काळा करावा लागला, आणि तुला सांगायला माझ्याकडे रस्ता नव्हता.

मी हैदराबादला नेमकं करते काय, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सरळ सांगितलं नाही. डोळ्यातलं भिंग प्रथिनांनी भरलेलं असतं, इतकं दाट की शरीरात दुसरीकडे कुठे तसं नाही. तरीही ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, कारण प्रथिनाचा प्रत्येक कण आपापल्या जागी, दुसऱ्याला न चिकटता राहतो. आपल्या घरात त्या प्रथिनाच्या लांब साखळीतली एक कडी बदललेली आहे. एकच. मी ते बदललेलं प्रथिन प्रयोगशाळेत तयार केलं, पाण्यात विरघळवलं आणि त्यातून प्रकाश सोडला. कोणता प्रकाश किती शोषला जातो, कोणता परत बाहेर येतो, हे स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र मोजतं आणि त्याचा आलेख काढतं. निरोगी प्रथिनाचा आलेख आणि आपल्या घरच्या प्रथिनाचा आलेख मी एकावर एक ठेवले. दोन्ही तंतोतंत जुळले.

मी कित्येक वर्षं त्यातला बिघाड शोधत होते. माझे गाईड म्हणायचे, तुझं काहीतरी चुकतंय, पुन्हा कर. मी पुन्हा करायची आणि आलेख पुन्हा जुळायचे. शेवटी कळलं की त्या प्रथिनाच्या घडीत काहीच मोडलेलं नाही. त्याचा आकार ठीक, घडी ठीक. फक्त एका जागी बाहेरून ते चिकट झालं आहे. कण कणाला धरतो, गोळे होतात, प्रकाश आत जाण्याऐवजी विखुरतो आणि बाहुली पांढरी दिसते. या कामावर मला नोकरी मिळाली. लोक मला परदेशात भाषणाला बोलावतात. आपल्या बाबांच्या डोळ्यांवर मी जगते आहे, असं म्हटलंस तरी मी नाही म्हणणार नाही.

तेव्हा रिताला यापुढे कुणी एक शब्द बोललं तर तू उठून सांगायचंस की हे माझ्याकडून आलं आहे. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. आणि लेकीला घेऊन निघ. नागपूरला सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे. ऑपरेशनचा काही खर्च नाही. फक्त तू हो म्हण.

नंदिनी

लाखांदूर, १३ डिसेंबर

मिथुन,

अखेर तुझं उत्तर आलं. लेखी नाही, रंजूच्या तोंडी. तिने तुझी नक्कल इतकी चांगली केली की हसू आलं आणि मग हसू गेलं.

"बाईले सांग, तिचं सातव्या वर्षी झालं होतं. तरी ते आज हैदराबादले एवढ्या मोठ्या मशीनवर काम करून राहिली, विमानात बसून राहिली. माह्या पोरीचं बी सातव्या वर्षी करू. पोरगी जरा अंगानं भरू दे. इतुकशा जिवाले बेहोश कराले सांगते, बहीण आहे का कोण आहे?"

आणि आईचं म्हणणं आहे की जावळ निघेपर्यंत लेकराला पातं लागत नाही. जावळ तिसऱ्या वर्षी, तळ्याच्या बांधावर, पाळीवरच्या मातेपुढे. आपल्या घरात कुणाचंही जावळ त्याआधी निघालं नाही, तुझं नाही, माझं नाही. त्याआधी लेकराच्या अंगाला लोखंड लावलं तर माता ते लेकरू आपलं मानत नाही.

आईच्या मातेशी मी वाद घालणार नाही. माझी तेवढी पोच नाही. पण जावळ तिसऱ्याच वर्षी काढायचं, हे मातेने सांगितलं की आपल्या आजीने? लवकर काढा. उद्या काढा. मी लांब उभी राहीन, पाहिजे तर पाळीवर येणारही नाही.

तुझ्या बोलण्यात मात्र चूक आहे आणि ती दुरुस्त करणं मला भाग आहे. माझा मोतीबिंदू आणि हिचा मोतीबिंदू एक नाही. माझा पातळ होता, भिंगाच्या एका थरातला. कडेने उजेड शिरत होता. हिच्या डोळ्यांत काहीही शिरत नाही. माझं उदाहरण तू घेऊ नकोस. प्रत्येक डोळा वेगळा असतो. मी काय झाले, कुठे पोचले, त्याचा हिच्या डोळ्यांशी संबंध नाही. मी प्रकाशाचं काम निवडलं ते त्यात मला गोडी होती म्हणून. डोळ्यांचा त्यात काही प्रश्न नव्हता.

लहान बाळाला भूल देता येते. रोज देतात. तुझी भीती मला कळते. मला मूल नाही म्हणून मला कळणार नाही, असं म्हणू नकोस. तू दोन दिवसांचा असताना आईला ताप चढला होता, तेव्हा तुला मांडीवर घेऊन मीच बसायची.

नागपूरच्या डॉक्टर नवीन बाळांना पुढच्या आठवड्यात एकदाच तपासणार आहेत, नंतर थेट जानेवारीत. तेवढ्यात या.

नंदिनी

लाखांदूर, १५ डिसेंबर

मिथुन,

काल रंजू पत्र देऊन आली आणि माझ्या खोलीतून जायलाच निघेना. मी म्हटलं, काय झालं ते सांग. ती म्हणाली, "ताई, भाऊ ऐकते सगळं. वाचते बी. पण म्हणते, तिचं उदाहरण कसं सोडू? आमच्या घरात एकच तर उदाहरण आहे. रिताले बी तेच सांगते, घाबरू नको, बाईकडं पाय, तिच्यावानीच होईन आपली पोरगी."

म्हणजे तुझ्या लेकीच्या वाटेत मीच आडवी पडले आहे. माझी नोकरी, माझा विमानप्रवास, वर्तमानपत्रात आलेला माझा फोटो, जो आईने ओसरीवर लावला आहे. या सगळ्याकडे बघून तू थांबला आहेस.

मग आता तुला खरं सांगायला हवं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

माझी पट्टी सोडली तो दिवस. नागपूरचा दवाखाना, आई कॉटच्या पायाशी, बाबा तिचा खांदा धरून उभे. डॉक्टरांनी बोटं दाखवली, मी मोजली. आई माझ्यावर वाकली आणि म्हणाली, "दिसते का वं, नंदे?" मला उजेड दिसत होता, तिच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसत होता. पूर्वी इतकंही नव्हतं. मी म्हटलं, "दिसते." आई रडायला लागली. बाबा हसत होते, त्यांना तर मी नीट दिसतही नव्हते. मिथुन, त्यानंतर दुसरं काही म्हणायची सोयच राहिली नाही.

मला दिसतं, पण तुला दिसतं तसं नाही. भिंग काढलं, जाड चष्मा दिला, डोळा साफ झाला. पण सात वर्षं माझ्या मेंदूने धुरकटच पाहिलं होतं आणि तो तेवढंच शिकला. माझे डोळे एका जागी ठरत नाहीत, सारखे हलत असतात. तुम्ही म्हणायचे, नंदीची नजर भिरभिरते, हुशार आहे. ते हुशारीने नव्हतं. माणूस तीन-चार हातांवर असेल तर मला त्याचा चेहरा दिसत नाही. डोकं दिसतं, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी फिका रंग दिसतो. आईचा चेहरा मी आजवर सबंध पाहिलेला नाही. अगदी जवळ गेले की नाक दिसतं, मग कपाळावरचं गोंदण दिसतं, मग हनुवटी. ते सगळं एकत्र जोडून आई कशी दिसत असेल ते मी मनात ठरवलं आहे.

मी माणसं आवाजावरून ओळखते, चालण्यावरून, कपड्यावरून ओळखते. गावात मला कधी अडलं नाही, कारण गावात सगळी बोलत येतात. तू लहान होतास आणि मी लवकर होस्टेलवर गेले, म्हणून तुला कळलं नाही.

भंडाऱ्याला बी.एस्सी. करताना सूक्ष्मदर्शकातून मला कधीच काही दिसलं नाही. शेजारच्या मुलीच्या वहीतली आकृती डोळ्याजवळ धरून मी माझी आकृती काढायची. तिला वाटायचं मी आळशी आहे. मग एक दिवस आम्हाला स्पेक्ट्रोमीटर दाखवला. त्यात डोळा लावायचा नव्हता. नमुना आत ठेवायचा आणि झाकण बंद करायचं, मग सुई कागदावर मोठी ठळक रेघ ओढत जायची. जे कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही ते तिथे सगळ्यांना सारखंच कळत होतं. वर्गात पहिल्यांदा मी इतरांपेक्षा कमी नव्हते. परवा मी तुला गोडी वगैरे लिहिलं. गोडी नंतर आली. आधी मी तिथे लपायला गेले होते.

आणि मी चांगलं लपले. हैदराबादला माझे विद्यार्थी म्हणतात की मॅडम गर्विष्ठ आहेत, व्हरांड्यात समोरून आलं तरी ओळख देत नाहीत. मी त्यांना तसं समजू दिलं. गर्विष्ठ म्हटलेलं चालतं, आंधळी म्हटलेलं सहन होत नाही. संगणकावर अक्षरं इतकी मोठी करून वाचते की एका ओळीत दोन-तीन शब्द मावतात. रस्ता ओलांडताना कुणाच्या तरी मागे मागे चालते. परदेशी विमानतळावर पाट्या वाचता येत नाहीत म्हणून मी तासन् तास आधी जाऊन बसते. तिथे काढलेले फोटो आईने गावभर दाखवले.

मिथुन, हे माझं, जिच्या डोळ्यांत कडेने उजेड शिरत होता तिचं. तुझ्या लेकीच्या डोळ्यांत काहीच शिरत नाही. सातव्या वर्षी केलंस तर तिच्या हाती माझ्याइतकंही लागणार नाही. ती बाबांसारखी जाळं विणायला शिकेल, शिकू दे, त्यात कमीपणा नाही. पण तिला आईचा चेहरा दिसू शकत असताना तो दिसू नये, हे मला सोसवत नाही. माझ्याकडे बघून थांबू नकोस. माझ्याकडे बघून पळ.

ओसरीवरचा फोटो काढून टाक.

तुझी
नंदिनी

लाखांदूर, १६ डिसेंबर, संध्याकाळ

मिथुन,

काल रंजूने पत्र तुझ्याच हातात दिलं. आज तिची वाट पाहिली. ती आली, पण तुझा निरोप नाही. म्हणाली, तू सकाळी सायकल काढून कुठेतरी गेलास, दुपारी परतलास आणि पाळीवर बसून राहिलास, शिंगाडे काढायलाही उतरला नाहीस.

मी उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला जाते आहे आणि तिथून हैदराबादला. इथे बसून मी तुला नुसती चिडवते आहे, असं वाटायला लागलं. गाड्यांची चौकशी करायला आज सकाळी स्टँडवर गेले होते. चौकशीची खिडकी बंद होती. खांबाजवळ एक माणूस उभा होता, त्याला विचारलं, "दादा, पवनीवरून नागपूरची गाडी सकाळी किती वाजता आहे?" तो काहीच बोलला नाही. पुन्हा विचारलं, तरी गप्प. वाटलं, ऐकू येत नसेल बिचाऱ्याला. "राहू द्या," म्हणून मी पुढे गेले. गिरजाबाईंना सांगितलं की तुमच्या गावची माणसं फार तुसडी झाली आहेत. त्या म्हणाल्या, असं नाही हो, कुणी परगावचा असेल.

एवढं लिहून थांबते. बाळाला मला दाखवू नकोस. माझ्या ओळखीच्या डॉक्टरही नकोत तर नको. भंडाऱ्याला ने, चंद्रपूरला ने, जिथे तुझा विश्वास बसेल तिथे ने, पण या महिन्यात ने. त्या दवाखान्यात मी पाऊलही ठेवणार नाही. माझं तोंड आयुष्यभर पाहू नकोस, चालेल मला. नाही, चालणार नाही, पण मी सोसेन.

आईला सांग, तिच्या हातचे उकडलेले शिंगाडे खायची इच्छा होती.

नंदिनी

नागपूर, २८ डिसेंबर

मिथुन,

आज हे पत्र कुणाच्या हाती पाठवायचं नाही. तू दवाखान्यातल्या याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आहेस, असं मला वाटतं. निळं जाकीट तुझंच असावं. तरीही लिहिते आहे, कारण सहा वर्षांचं एवढं सगळं मला तोंडाने बोलता येणार नाही, रडू येईल आणि तू उठून जाशील.

रिताने मला सगळं सांगितलं. आज सकाळी बाळाच्या डोळ्यांत थेंब घालून ती माझ्याजवळ बसली होती. त्या दिवशी स्टँडवर खांबाजवळ तू होतास. माझं पत्र वाचून तुझा विश्वास बसला नव्हता. तुला वाटलं, बाईने लेकरासाठी रचून लिहिलं. म्हणून तू बघायला आलास, समोर उभा राहिलास आणि मुद्दाम गप्प राहिलास. मी तुझ्याकडे तोंड करून दोनदा बोलले आणि निघून गेले. रिता म्हणते, तू पाळीवरून घरी आलास ते पाय न धुता सरळ आत गेलास आणि आईला म्हणालास, "आई, बाईनं मले ओळखलं नाही वं. मी समोर उभा होतो. तिच्या नाकासमोर. गाडीचा टाइम विचारून राहिली होती मले." आणि भिंतीशी बसून रडलास. आईने तुला रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

आई म्हणे दुसऱ्या दिवशी पहाटे उठली, बाळाला घेऊन पाळीवर गेली आणि मातेपुढे तिने आपल्या हाताने लेकराच्या कपाळावरची एक बट कापली. ना मामाची मांडी, ना जेवणावळ. परत येऊन म्हणाली, "झालं जावळ. मातेले जे म्हनायचं ते मले म्हनन." मग तुम्ही गिरजाबाईंच्या दारात आलात. मी बॅग घेऊन निघतच होते. रिता "ताई" म्हणाली तेव्हा कळलं की समोर कोण आहे. नागपूरपर्यंत तू एक अक्षर बोलला नाहीस. बाळ माझ्या मांडीवर होतं आणि मला दुसऱ्या कशाचं भान नव्हतं.

एक डोळा झाला, दुसरा परवा होईल. तुला डॉक्टरांनी सांगितलं आहेच, तरी मी पुन्हा लिहिते, कारण मला खोटी आशा द्यायची नाही. वेळेत आलो आहोत. पण तिला पूर्ण दिसेल असं कुणी म्हणालेलं नाही. चष्मा लावावा लागेल, इतका लहान की तो हातात घेतल्यावर तुला कसंतरी होईल. ती तो ओढून फेकेल, तुम्ही पुन्हा लावायचा, दिवसभर, वर्षानुवर्षं. पुढे पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. आणि हेही लिहून ठेवते, तुम्हाला दुसरं मूल झालं तर निम्म्याने तोच धोका आहे. त्याला पहिल्याच आठवड्यात दाखवायचं, मला न विचारता.

त्या प्रथिनाबद्दल तू मला वाटेत काही विचारलं नाहीस, पण रिताने विचारलं. म्हणाली, "ताई, मग तुम्ही इतके वर्षं काम केलं, त्याच्यावर औषध नाही निघालं का?" नाही निघालं. मी ते कसं चिकटतं एवढंच शोधलं, त्याला सोडवायचं कसं ते अजून कुणालाच जमलेलं नाही. आज तरी पातंच लागतं. हे सांगताना मला लाज वाटली. रिता म्हणाली, "जमन कोणाले तरी." मग ती बाळाला पाजायला आत गेली.

हे पत्र मी सुरू केलं ते कालच्या संध्याकाळसाठी. मी याच बाकावर बसले होते. समोरून माणसं येत होती, जात होती, मला सगळी सारखीच. त्यातलं एक माणूस माझ्यापुढे येऊन थांबलं. मी घाबरून पदर सावरला, वर पाहिलं, नेहमीसारखी उगीच हसले. तू थोडा वाकलास आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी शांतपणे बोललास.

"बाई, मी मिथुन आहो. चहा आनला. गरम आहे, नीट धर."

तुझी
बाई